दस्तरखानावर गरम पालक-चीज डिप

अमेरिकेत हॉटेलांत आणि घरच्या मेजवान्यांत पालक आणि आर्टिचोकचं गरम चीज डिप आवडीनं खाल्लं जातं. ओव्हनमधलं भांडं थेट मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यात पाव बुडवून खायचं. एका थाळात जेवणाऱ्या घरांना ही रीत नवी नाही. मुलं मोबाईलवर ते पाहतात आणि फर्माईश करतात. अम्मीच्या मनात मात्र शंका येते, यातलं चीज आपल्याला चालतं का?

शंका रास्त आहे. चीजसाठी दूध घट्ट करायला रेनेट लागतं आणि पूर्वापार ते वासराच्या पोटातून काढलं जाई. या डिपमध्ये बहुतेकदा पार्मेझान घालतात. त्यातलं अस्सल इटालियन पार्मिजानो-रेज्जानो आजही वासराच्याच रेनेटनं बनतं. ते वासरू कसं कापलं, हे पाकिटावरून कळत नाही. आपल्या देशात मात्र अन्नसुरक्षेच्या नियमांत चीजसाठी प्राण्याचं नसलेलं रेनेट सांगितलं आहे. म्हणून हिरव्या ठिपक्याचं देशी चीज घेतलं की हा प्रश्न मिटतो. परदेशी चीजचं लेबल वाचूनच घ्यावं. स्वित्झर्लंडचं फोंड्यू याच्यासारखंच दिसतं, पण त्यात पांढरी वाईन घालतात. तेव्हा हॉटेलात विचारलेलं बरं.

आर्टिचोक आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. आम्ही त्याजागी मका घालतो आणि खरं सांगायचं तर तोच जास्त आवडतो.

पालकाची एक मोठी जुडी (साधारण 250 ग्रॅम पानं) उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून गार पाण्यात टाका. मग मुठीत धरून घट्ट पिळा. पुन्हा पिळा. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते राहिलं तर ओव्हनमध्ये सुटतं आणि डिपचं कालवण होतं. पिळलेला पालक बारीक चिरा.

दोन मोठे चमचे लोण्यात एक बारीक कांदा आणि चार-पाच लसूण पाकळ्या परता. दोन मोठे चमचे मैदा घालून मिनिटभर भाजा, मग एक वाटी दूध थोडं थोडं ओतत ढवळा. दाट झालं की गॅस बंद करा. आता पालक, वाटीभर उकडलेले मक्याचे दाणे, अर्धी वाटी चक्का, मिरपूड आणि 100 ग्रॅम किसलेलं चीज मिसळा. उकळत्या सॉसमध्ये चक्का फुटतो आणि चीज चिवट होतं, म्हणून गॅस बंद करायची घाई बरी. मीठ चाखूनच घाला, चीज खारट असतं.

काचेच्या ओव्हनच्या भांड्यात भरून वर 50 ग्रॅम मोझरेला पसरा. 180 अंशांवर 15 ते 20 मिनिटांत कडेनं बुडबुडे येतात. ओव्हन नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवून, झाकण घालून 10 मिनिटं तापवा आणि स्टीलच्या भांड्यात भरलेलं डिप आत ठेवा. वरचा थर तांबूस होणार नाही, चवीत फरक पडत नाही.

लादीपावाचे तुकडे तव्यावर कुरकुरीत करून, सोबत गाजर-काकडीच्या फोडी ठेवाव्यात. दादींना पाव चावत नसेल तर त्यांना वाटीत चमच्यानं द्यावं. इफ्तारला करायचं असेल तर असरनंतर भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि मगरिबच्या अर्धा तास आधी ओव्हनमध्ये सरकवा. गार भांड्याला पाचेक मिनिटं जास्त लागतात. काचेचं भांडं मात्र फ्रिजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकतं. उरलं, तर दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये संपतं.