कॅडमियम सेलेनाइड पुंजबिंदू

कॅडमियम सेलेनाइड पुंजबिंदू हे कॅडमियम व सेलेनियम या मूलद्रव्यांच्या संयुगाचे साधारणतः २ ते ८ नॅनोमीटर व्यासाचे अर्धवाहक स्फटिक आहेत. यांना क्वांटम डॉट असेही म्हणतात. अतिनील प्रकाशात ते आपल्या आकारमानानुसार वेगवेगळ्या रंगांत चमकतात. संयुगाच्या वजनाचा सुमारे ५९ टक्के भाग कॅडमियम या विषारी धातूचा असल्याने त्यांची हाताळणी व विल्हेवाट काळजीपूर्वक करावी लागते.

गुणधर्म

मोठ्या आकाराच्या कॅडमियम सेलेनाइडचे ऊर्जा-पट्ट अंतर सुमारे १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. प्रकाश शोषल्यावर उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी यांची जोडी या पदार्थात सुमारे ५.६ नॅनोमीटर त्रिज्येत वावरते. स्फटिक याहून लहान झाला की ही जोडी कोंडली जाते आणि ऊर्जा-पट्ट अंतर वाढते. त्यामुळे रासायनिक घटक तेच राहूनही २ नॅनोमीटरच्या आसपासचे कण निळसर, ३ नॅनोमीटरचे हिरवे आणि ६ नॅनोमीटरचे तांबडे चमकतात.

इतक्या लहान कणात अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावर असतो. पृष्ठभागावरील अपूर्ण बंधांमुळे चमक कमी होते; म्हणून गाभ्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. हे कवच चमक वाढवते आणि कॅडमियमला आत रोखूनही धरते.

इतिहास व निर्मिती

अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८१ मध्ये काचेतील आणि लुई ब्रुस यांनी १९८३ मध्ये द्रवातील सूक्ष्म स्फटिकांत आकारमानाचा हा परिणाम दाखवला. मौंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये तप्त द्रावकात अभिक्रियाकारके एकदम सोडून एकसारख्या आकाराचे कण तयार करण्याची पद्धत मांडली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभीच्या पद्धतीत हवेत पेट घेणारे डायमेथिल कॅडमियम वापरले जाई. २००१ पासून त्याऐवजी कॅडमियम ऑक्साइडचा वापर रूढ झाला.

महाराष्ट्रात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे व सहकाऱ्यांनी रासायनिक स्नान पद्धतीने कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोस्फटिकी पातळ फिती तयार केल्या. या पद्धतीत कॅडमियमच्या क्षाराचे अमोनियायुक्त द्रावण आणि सोडियम सेलेनोसल्फेट यांच्या मिश्रणात काचेची पट्टी बुडवून ठेवतात. फीत तापवल्यावर कण वाढतात आणि ऊर्जा-पट्ट अंतर कमी होते. चंचुपात्र व तापपट्टी एवढ्या साधनांवर हा प्रयोग होऊ शकतो. त्यामुळे जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रातील साक्री, धुळे, नंदुरबार अशा ठिकाणच्या मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळांनाही तो परवडणारा आहे. मात्र साधने स्वस्त असली तरी कॅडमियमचा धोका कमी होत नाही.

आरोग्यास धोका

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियम व त्याच्या संयुगांना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. श्वासावाटे कॅडमियम पोटापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते. शरीरात लोहाची कमतरता असल्यास पोटातून होणारे शोषणही वाढते. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम दशकानुदशके राहते. जपानच्या तोयामा प्रांतात खाणीतील कॅडमियम नदीवाटे भातशेतीत उतरल्याने हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा रोग पसरला होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठात २००४ मध्ये यकृत-पेशींवर झालेल्या अभ्यासात हवा किंवा अतिनील प्रकाश लागलेले पुंजबिंदू अधिक विषारी ठरले. पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होऊन कॅडमियमचे आयन सुटतात, हे त्याचे कारण. झिंक सल्फाइडच्या कवचाने ही विषाक्तता बरीच घटली, परंतु कवच हा कायमचा बंदोबस्त नव्हे.

सुरक्षित हाताळणी

* शक्यतो द्रावणातील कण वापरावेत. कोरडी भुकटी उडते. तिचे वजन करणे किंवा फीत खरवडणे ही कामे धूर खेचणाऱ्या कपाटातच करावीत.
* हातमोजे द्रावकानुसार निवडावेत. टोल्युइन व क्लोरोफॉर्म पातळ नायट्राइल मोज्यांतून लवकर पार होतात. ते अंगावर उडाल्यास मोजे ताबडतोब बदलावेत.
* अतिनील दिव्याखाली पाहताना त्यासाठीचा चष्मा लावावा.
* साठा गडद बाटलीत, थंड जागी व नावपट्टी लावून ठेवावा.
* सेलेनाइड असलेल्या द्रावणात आम्ल मिसळू नये. अत्यंत विषारी हायड्रोजन सेलेनाइड वायू निर्माण होऊ शकतो.
* सांडल्यास झाडू न मारता ओल्या कागदाने टिपून घ्यावे. तो कागदही घातक कचऱ्यातच टाकावा.
* प्रयोगशाळेत खाणेपिणे टाळावे व काम संपल्यावर हात धुवावेत.

विल्हेवाट व कायदे

पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे. १ ग्रॅम कॅडमियम सेलेनाइडमधील सर्व कॅडमियम विरघळल्यास सुमारे १,९५,००० लिटर पाणी या मर्यादेपर्यंत पोहोचेल. म्हणून उरलेले द्रावण, पहिल्या धुण्याचे पाणी व वापरलेल्या पट्ट्या मोरीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. त्या झाकणबंद डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत केंद्राकडे द्याव्या लागतात. तळोजा व रांजणगाव येथे अशी केंद्रे आहेत.

भारताच्या ई-कचरा नियमांनुसार विद्युत उपकरणांतील एकजिनसी घटकात कॅडमियमचे प्रमाण वजनाच्या ०.०१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे. अशा निर्बंधांमुळे दूरचित्रवाणीच्या पडद्यांत इंडियम फॉस्फाइडचे पुंजबिंदू मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले आहेत.