अधिक कापले म्हणजे अधिक वाचले?

स्तनाचा कर्करोग मुळासकट उपटायचा, या निश्चयाने अमेरिकन शल्यविशारद विल्यम हालस्टेड यांनी १८९४ मध्ये आपली शस्त्रक्रिया मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी, सारे एकत्र काढायचे. रोग गाठीपासून पायरीपायरीने बाहेर सरकतो, हे त्यामागचे गृहीतक. त्यामुळे रोग परतला की निष्कर्ष ठरलेला: कापणे कमी पडले. गृहीतकाला हरण्याची वाटच उरली नव्हती. वाचलेल्या स्त्रीच्या वाट्याला मात्र खचलेली छाती आणि अनेकदा सुजलेला हात येई.

लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून स्तन राखण्याचा प्रयत्न केला. विल्यम ब्लेकचे अभ्यासक म्हणून साहित्यजगताने त्यांना मानले. शल्यजगताने त्यांच्या या प्रयत्नाकडे पाठ फिरवली.

हा वाद अधिकारवाणीने सुटणारा नव्हता. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांनी चाचणी सुरू केली. कोणावर कोणता उपचार करायचा, हे डॉक्टरांच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. सोळाशेहून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. पंचवीस वर्षांचा हिशेब २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: हालस्टेड पद्धतीने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. कारण रोगपेशी आधीच रक्तावाटे दूर गेलेल्या असू शकतात. तिथवर सुरी पोहोचत नाही.

या ज्ञानाचे श्रेय फिशर यांना मिळाले, ते योग्यच. पण आपला देह चिठ्ठीच्या हवाली करणाऱ्या त्या स्त्रियांशिवाय ते हाती आलेच नसते.