हिरवळीतील लव्हाळा

घरापुढील हिरवळीत लव्हाळा एकदा शिरला की तो नुसता उपटून नाहीसा होत नाही. पाने हातात येतात. थोड्याच दिवसांत तेथेच नवा कोंब दिसतो. असे का व्हावे?

त्रिकोणी दांडा असलेल्या या वनस्पतीचे बळ जमिनीखाली असते. तेथे बारीक भूमिगत खोडांनी जोडलेल्या गाठींची माळ असते. आयुर्वेदातील मुस्ता ती हीच. प्रत्येक गाठीत अन्नसाठा व डोळे असतात. माळ अखंड असेपर्यंत बऱ्याच गाठी सुप्त राहतात. ती तुटताच सुट्या गाठींना कोंब फुटतात. म्हणून वरवर खणणे म्हणजे लव्हाळ्याची लागवड करणेच होय.

रोपे थोडी असल्यास ओल्या मातीत खुरपे खोल घालून ती गाठींसह काढावीत व गाठी उन्हात पूर्ण वाळवाव्यात. रोपे फार असल्यास गाठींची उपासमार करावी. दर आठवड्यास कोंब खुडले, म्हणजे साठ्यातील अन्न खर्च होत जाते आणि नव्या गाठी धरत नाहीत. लव्हाळ्यास सावली सोसत नाही. यास्तव हरळी दाट वाढू द्यावी. हे काम एका पावसाळ्यात संपत नाही. दुसऱ्या वर्षीही लक्ष ठेवावे लागते.