कॉफीचे यंत्र घेताय? आधी चक्कीचा विचार करा

आपल्याकडे दुकानात गिऱ्हाईक बसले की चहा येतो. कॉफी मात्र पाहुण्यांसाठी, जागरणाच्या रात्रीसाठी किंवा डोके जड झाले तर, दुधात उकळून, वर जायफळ किसून. गेल्या काही वर्षांत हे चित्र पालटले आहे. तरुण मुले बाहेर जाऊन महागडी कॉफी पितात, आखातातून परतलेली मंडळी कॉफीची सवय घेऊन येतात आणि मग घरात कोणीतरी म्हणते, "एवढे पैसे बाहेर घालवण्यापेक्षा एक यंत्रच आणू या."

यंत्र येते. पहिले आठ दिवस कौतुक होते. महिन्याभरात कॉफी कधी कडू, कधी पांचट लागू लागते आणि यंत्र फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. दोष यंत्राचा आहे असे सर्वांना वाटते. बहुतेक वेळा तो यंत्राचा नसतो, पुडीचा असतो. घरातील कॉफीवर खर्च करायचाच असेल तर पहिला पैसा दळण्यावर खर्च करावा, दुसरा गाळण्यावर. बाजारात बहुतेक जण नेमके उलटे करतात.

दळण का महत्त्वाचे?

मसाल्याच्या धंद्यातील माणसाला हे वेगळे सांगायला नको. अख्खे धणे वर्षभर टिकतात, कुटल्यावर त्यांचा वास उडू लागतो. जायफळ आपण ऐन वेळी किसतो ते त्यासाठीच. कॉफीचेही तसेच आहे. भाजलेला अख्खा दाणा बंद डब्यात तीन-चार आठवडे चांगला राहतो. दळल्यावर मात्र सुगंध झपाट्याने कमी होतो. महिनाभर उघड्या पाकिटात राहिलेल्या पुडीपासून कोणतेही यंत्र चांगली कॉफी काढू शकत नाही.

दुसरी गोष्ट दाण्याच्या आकाराची. पाणी बारीक कणातून लवकर रस ओढते, जाड कणातून उशिरा. पुडीत अर्धे कण मैद्यासारखे आणि अर्धे जाड रव्यासारखे असतील तर मैद्यातून कडवटपणा उतरतो आणि रवा कच्चाच राहतो. म्हणून एकाच कपात कॉफी कडूही लागते आणि पांचटही. दळण एकसारखे असणे ही चांगल्या कॉफीची पहिली अट आहे.

चक्की कोणती घ्यावी?

बाजारात ढोबळ मानाने दोन जाती मिळतात. पहिली पात्याची. मिक्सरच्या लहान भांड्यासारखी ती दाणा तोडते. किंमत कमी, पण दळण एकसारखे होत नाही आणि जास्त वेळ फिरवली तर पूड गरम होते. दुसरी जात्याच्या तत्त्वावर चालणारी. जात्यात दोन दगडांमधल्या फटीतून पीठ पडते, तशीच हिच्यात दोन दातेरी पोलादी किंवा सिरॅमिक चकत्यांच्या फटीतून पूड पडते. फट कमी-जास्त केली की पूड बारीक-जाड होते. दळण एकसारखे हवे असेल तर हीच घ्यावी.

विजेवर चालणारी अशी चक्की महाग पडते. परंतु हाताने फिरवायची चक्की त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळते आणि दोन-तीन कपांपुरते दाणे दोन-तीन मिनिटांत दळून देते. कमी खर्चात चांगले दळण हवे असलेल्या घरासाठी हातचक्की हाच योग्य सौदा आहे. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

मधला दांडा हातात धरून हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर दळण एकसारखे होणार नाही. फट बदलण्याची सोय टप्प्याटप्प्याने "टक टक" आवाज करणारी असावी, म्हणजे उद्या पुन्हा त्याच खुणेवर आणता येते. चकत्या साफ करण्यासाठी चक्की सहज उघडता आली पाहिजे. शक्य असेल तर दुकानातच चमचाभर दाणे दळून पांढऱ्या कागदावर पसरावेत. कागदावर धूळ आणि तुकडे वेगवेगळे दिसू लागले तर ती चक्की परत ठेवावी.

वापरताना पथ्येही आहेत. दाणे निवडून घ्यावेत, एक खडा गेला तरी दाते मोडतात. कॉफीच्या चक्कीत मसाला दळू नये, मिऱ्या-लवंगांचा वास महिनोन्‌महिने जात नाही. पोलादी चकत्या पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या ब्रशने झाडाव्यात.

घरात मिक्सर आहे, मग नवीन चक्की कशाला? तूर्त भागवायचे असेल तर भागते. लहान, कोरडे, मसाल्याचा वास नसलेले भांडे घ्यावे. एकदम फिरवू नये, दोन-दोन सेकंद थांबत-थांबत फिरवावे, मध्ये भांडे हलवावे आणि शेवटी बारीक चाळणीने धूळ काढून टाकावी. आणि ज्या घरात फक्त रविवारीच कॉफी होते, त्यांनी चक्की विकत घेऊच नये. कॉफीच्या दुकानातून शंभर-शंभर ग्रॅम ताजी दळून आणावी. मात्र कोणत्या भांड्यासाठी हवी आहे ते दुकानदाराला आधी सांगावे.

कोणत्या भांड्याला कोणती पूड?

दक्षिणी फिल्टर : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे, आत दांड्याची चकती. पूड मध्यम बारीक, साधारण बारीक रव्याहून थोडी मऊ. वीस ग्रॅम पूड घालून चकतीने हलके दाबावे, उकळी येऊन थोडे शांत झालेले पाणी ओतावे आणि पंधरा-वीस मिनिटे विसरून जावे. खाली जमलेला घट्ट अर्क, म्हणजे डिकॉक्शन, गरम दुधात मिसळावा. यात वीज लागत नाही, काही बिघडत नाही. विकत घेताना वरचा डबा उजेडाकडे धरावा. छिद्रे बारीक, सारखी आणि सर्व उघडी असावीत.

मोका पॉट : इटलीतील आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून 1933 मध्ये बाहेर पडलेले हे अष्टकोनी भांडे. खालच्या भागातील पाणी तापून वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढते. कॉफी दाट निघते. गॅसच्या लहान शेगडीवर चालते, पण ॲल्युमिनियमचे असेल तर इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही. आपल्या कपांच्या संख्येइतकेच माप घ्यावे, कारण अर्धे भरून ते नीट काम देत नाही. आतले रबरी वॉशर काही काळाने बदलावे लागते, तेव्हा सुटे वॉशर मिळते का हे विचारूनच घ्यावे. पूड बारीक हवी, पण दाबू नये.

फ्रेंच प्रेस : काचेचे भांडे आणि जाळीचा दट्ट्या. पूड जाड रव्यासारखी, अडीचशे मिलिलिटर पाण्याला पंधरा ग्रॅम. चार मिनिटे थांबून दट्ट्या खाली दाबायचा. बिनदुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी उत्तम. मात्र पूड एकसारखी नसेल तर गाळ कपात उतरतो आणि काच फुटण्याची भीती राहतेच.

विजेचे ठिबक यंत्र : बटण दाबले की काम झाले, ही त्याची सोय. पण चांगल्या कॉफीसाठी पाणी 92 ते 96 अंश सेल्सिअस तापलेले लागते आणि बरीच स्वस्त यंत्रे तिथपर्यंत पोहोचत नाहीत. शिवाय खालच्या गरम तव्यावर तासभर ठेवलेली कॉफी कडवट होते. वीज वारंवार जाते अशा गावात त्याचा उपयोग मर्यादितच.

स्वस्त एस्प्रेसो यंत्र : सर्वांत जास्त फसगत इथे होते. हॉटेलातील यंत्र साधारण 9 बार दाबाने पाणी ढकलते. नुसत्या वाफेवर चालणारी घरगुती यंत्रे त्याच्या निम्म्या दाबापर्यंतही जेमतेम जातात. शिवाय खऱ्या एस्प्रेसोला सर्वांत बारीक आणि सर्वांत नेमके दळण लागते. म्हणजे यंत्र स्वस्त घेतले तरी चक्की महाग घ्यावी लागणार. बजेट कमी असेल तर या वाटेला जाऊ नये.

आखातातून यंत्र आणताना

कोकणात अनेक घरांत भाऊ-मुलगा आखातात आहे आणि सुट्टीवर येताना यंत्र आणतो. खोक्यावरचा व्होल्टेजचा आकडा आधी वाचावा. आपल्याकडे 230 व्होल्टचा पुरवठा आहे. सौदी अरबस्तानात पूर्वी घरोघरी 127 व्होल्टचा पुरवठा होता आणि अमेरिकी बाजाराचा माल 120 व्होल्टचा असतो. असे यंत्र इथल्या प्लगात थेट लावले तर जळते. प्लगच्या पिनाही वेगळ्या असतात आणि सुटे भाग इथे मिळतीलच असे नाही. आणखी एक गोष्ट. अरबी कहव्याची पूड हलकी भाजलेली आणि वेलचीसोबत उकळण्यासाठी असते. ती फिल्टरमध्ये घालून दुधाची कॉफी केली तर चव जमणार नाही. त्यात मालाचा दोष नाही, वापर चुकला इतकेच.

दाणे घेताना

या पेयाशी आपले नाते जुने आहे. येमेनमधील मोखा बंदरातून बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात कॉफीच्या सात बिया आणून कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरेने सांगितले जाते. तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. मोका पॉटचे नावही त्याच बंदरावरून पडले. आजही भारतातील बहुतांश कॉफी कर्नाटकात पिकते. त्यामुळे परदेशी पाकीट घेण्याची काहीही गरज नाही.

दुकानात दोन नावे ऐकू येतील. अरेबिका सुगंधी आणि सौम्य, रोबस्टा दाट, कडवट आणि स्वस्त. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असते. दुधाच्या कॉफीला दोन्हींचे मिश्रण चांगले लागते. तिसरी गोष्ट चिकोरी. ही कॉफी नाही, एका झाडाचे भाजलेले मूळ आहे. तिने रंग आणि घट्टपणा येतो, ती आवडत असेल तर खुशाल प्यावी. पण नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी 51 टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेले असले पाहिजे. कॉफीच्या भावात चिकोरी घेऊ नये. मिश्रण विकणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनीही सुट्या मालाचे प्रमाण गिऱ्हाइकाला न विचारता सांगावे. मालातील उणीव झाकून विकणे हा व्यापार नव्हे, आणि एकदा विश्वास बसला की गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधत नाही.

हिशेब

समजा, घरात रोज दोन कप होतात. कपाला 12 ग्रॅम धरले तर महिन्याला 720 ग्रॅम दाणे लागतील. भाव किलोला 800 रुपये धरला तर 576 रुपये. दूध, साखर, गॅस मिळून कपाला 8 रुपये धरले तर 480. एकूण 1056 रुपये. हेच साठ कप बाहेर 40 रुपयांनी घेतले तर 2400 होतात. म्हणजे महिन्याला 1344 रुपये वाचतात आणि चक्की-भांड्यावर घातलेले 4000 रुपये तीन महिन्यांत वसूल होतात. आकडे प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने बदलून घ्यावेत. पण ही बचत बाहेर कॉफी पिणाऱ्याचीच. घरचा चहा सोडून कॉफीकडे वळणाऱ्याचा खर्च वाढणारच, हेही मान्य केले पाहिजे.

कारागिरांसाठी दोन शब्द

अनेक घरांत जुना पितळी फिल्टर पडून असतो. पितळ चांगले, पण कॉफी किंचित आंबट असते, त्यामुळे आतून कल्हई असल्याशिवाय तो वापरू नये. कल्हई शुद्ध कथलाचीच हवी, शिसे मिसळलेली नको. कल्हईचे काम जाणणारे हात आता कमी उरले आहेत. पितळी फिल्टर आणि वाटी-पेल्यांची हौस पुन्हा वाढत असताना ज्यांच्याकडे हे कसब आहे त्यांनी भांड्यांच्या दुकानदारांशी संधान बांधून पाहावे. किराणा आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांनाही गिऱ्हाइकासमोर ताजी पूड दळून देण्याचा जोडधंदा करता येईल. मात्र त्यासाठी मसाल्याच्या चक्कीपासून वेगळी चक्की ठेवावी लागेल.

तात्पर्य, हात राखून खर्च करायचा असेल तर एक बरी हातचक्की, एक स्टीलचा फिल्टर आणि थोडे थोडे ताजे दाणे एवढ्यावर घरची कॉफी उत्तम होते. यातून जे शिल्लक राहील ते यंत्रात अडकवण्यापेक्षा गल्ल्यात राहिलेले बरे.