'कधीकधी'चा माग

"मॅडम, बंद कब होता है?" माझा लॅपटॉप तपासणाऱ्या मुलाने विचारले. "कभी-कभी," मी म्हणाले. त्याने तासभर चालवून पाहिला, काही झाले नाही, आणि यंत्र परत दिले. घरी एका प्रबंधाचा अहवाल अर्धा टंकून झाला तोच पडदा पुन्हा गोठला. आमच्या इंदुरात हिंदी-मराठीची सरमिसळ रोजचीच. पण हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच पोकळ आहे, हे तेव्हा जाणवले.

या शब्दाने मंगळावरही घोळ घातला होता. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान तिथे उतरले. काही दिवसांनी, हवामानाच्या नोंदी घेऊ लागल्यावर, त्याचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. तसे झाले की त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. आणि हे व्हायचे कधी? कधीकधी!

संगणकात अनेक कामे एकाच वेळी चाललेली दिसतात. कोणाला आधी वेळ द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिम महत्त्वाप्रमाणे ठरवते. मला हे महाविद्यालयाच्या कचेरीवरून समजले. दप्तरखान्याची किल्ली एकच. शिपाई ती घेऊन आत गेला आहे. प्राचार्यांना आतली फाईल हवी, म्हणून ते थांबले आहेत. तेवढ्यात कारकुनांनी शिपायाला हाक मारून आपल्या कामाला जुंपले. किल्ली त्याच्या खिशात, आणि प्राचार्य कारकुनांच्याही मागे! यानात शिपाई होते हवामानाचे काम, कारकून होते संदेशवहनासारखी मधली कामे, आणि प्राचार्य होते यानातल्या माहितीच्या देवाणघेवाणीवर देखरेख करणारे काम. ते वेळेत झाले नाही की पहारा ठेवणारी व्यवस्था सगळा संगणकच नव्याने सुरू करी.

यात चुकीची अशी एकही ओळ नव्हती. प्रत्येक काम आपापल्या जागी बरोबर होते. किल्ली खिशात असण्याचा तो अगदी छोटा क्षण, त्याच क्षणी प्राचार्यांचे येणे आणि त्याच क्षणी कारकुनांची हाक, हे तिन्ही जुळले तरच बिघाड. म्हणून तो रोज दिसत नव्हता.

असे दोष शोधताना आणखी एक पंचाईत होते. तपासणीसाठी जादा सूचना घातल्या की कामांच्या वेळा किंचित सरकतात आणि दोष नाहीसा होतो. पदार्थवैज्ञानिक हायझेनबर्ग यांच्या नावावरून संगणकवाले त्याला थट्टेने 'हायझेनबग' म्हणतात. मी त्याला 'लाजाळू दोष' म्हणते. बोट लावले की पाने मिटतात.

अमेरिकेतल्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी तर्क लढवत बसण्याऐवजी पृथ्वीवरच्या यानाच्या प्रतिकृतीवर तीच कामे तासन्‌तास चालवली. कोणते काम केव्हा सुरू झाले, कोण कशासाठी थांबले, याची क्रमवार नोंद ते ठेवत गेले. अखेर प्रतिकृतीही तशीच बंद पडली. मग नोंद उलट वाचत गेल्यावर शिपाई सापडला. उपाय आधीच तयार होता. शा, राजकुमार आणि लेहोझ्की यांनी १९९० साली त्याची सविस्तर मांडणी केली होती: प्राचार्य ज्या किल्लीसाठी थांबले आहेत ती शिपायाकडे आहे तोवर त्याचे काम प्राचार्यांच्याच मानाचे समजावे. यानातल्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय होती, फक्त त्या किल्लीपुरती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून बदल पाठवून ती चालू केली गेली.

हा बिघाड उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही दिसला होता. पुन्हा घडवून आणता आला नाही, म्हणून मागे पडला. मला त्या अभियंत्यांना दोष देववत नाही. यानाचे मंगळावर सुखरूप उतरणे हीच तेव्हा त्यांची मोठी काळजी होती. मला मात्र माझ्या लॅपटॉपची घाई नाही. टेबलावर एक वही ठेवली आहे: तारीख, वेळ, काय उघडे होते, काय जोडलेले होते. आतापर्यंत सात नोंदी झाल्या. पाच वेळा प्रिंटर जोडलेला होता. उरलेल्या दोन वेळांचे अजून जुळत नाही.