घटनानामांचे आकृतिबंध आणि श्रोत्यांची निवड

जावास्क्रिप्टमधील इव्हेंट एमिटर ही घटनांची दवंडी देणारी व्यवस्था होय. घटनेच्या नावापुढे श्रोता, म्हणजे ती घडताच चालावयाचे फलन, नोंदविलेला असतो; नावाचा पुकारा होताच श्रोते नोंदणीच्या क्रमाने चालतात. नोड प्रणालीतील मूळ एमिटर मात्र नाव तंतोतंत जुळल्यावाचून श्रोत्यास जागे करीत नाही.

वऱ्हाडातील बाजारांची नोंद ठेवणाऱ्या एखाद्या कल्पित प्रोग्रॅममध्ये ‘धामणगाव रेल्वे:आवक’, ‘चांदूर रेल्वे:आवक’, ‘चांदूर बाजार:आवक’ अशी घटनानामे आहेत असे मानू. सर्व आवक टिपावयाची तर गावागणिक श्रोता नेमावा लागेल. त्याऐवजी नावांच्या वर्गाचेच वर्णन करता येते. पाणिनीने ‘अच्’ या प्रत्याहारात सर्व स्वर सामावले, त्याच जातीची ही युक्ती होय. या वर्णनास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्याचा गणिती पाया घालणारा स्टीफन क्लेनी यांचा निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. आकृतिबंध व श्रोता यांच्या जोड्या वेगळ्या यादीत ठेवून, प्रत्येक पुकाऱ्यास ती यादी क्रमाने तपासली की काम साधते. ‘:आवक$’ हा आकृतिबंध तिन्ही नावांना लागू पडतो. ‘$’ हे चिन्ह नावाचा शेवट दर्शविते.

येथे तीन गोष्टींचा विवेक आवश्यक आहे. पहिली मर्यादेची. आरंभदर्शक चिन्हासह लिहिलेला ‘^चांदूर’ हा आकृतिबंध रेल्वे आणि बाजार ही दोन्ही चांदुरे पकडतो. ‘^धामणगाव’ हा बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे यासही पकडील. एका गावची आवक दुसऱ्याच्या खाती पडावयाची नसेल, तर पूर्ण नाव विसर्गसदृश चिन्हापर्यंत लिहावे.

दुसरी गोष्ट लिपीची. शब्दसीमा दाखविणारे ‘बी’ हे चिन्ह केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा यांनाच शब्दाचे घटक मानते. देवनागरी शब्दाची सीमा त्यास दिसत नाही. शिवाय ‘रेल्वे’ हा शब्द वाचकास दोन अक्षरांचा, पण यंत्रास मात्रा व हलन्त धरून सहा घटकांचा आहे. २०१८ च्या प्रमाणात युनिकोड गुणधर्मांची सोय आली; तरीही अक्षरवर्गासोबत मात्रांचा वर्ग स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

तिसरी गोष्ट स्मृतीची. ‘जी’ ही खूण लावलेला आकृतिबंध मागील शोध जेथे संपला ते स्थान लक्षात ठेवतो. परिणामी त्याच नावाचा पुकारा लागोपाठ झाल्यास एकाआड एक आवक निसटते, आणि त्रुटीची सूचनाही मिळत नाही. श्रोत्यांच्या निवडीत ही खूण वर्ज्य मानावी.

सारांश, आकृतिबंध हा नावांचे व्याकरणच होय. ज्या नावांची घडण आधी नियमाने ठरली आहे, तेथेच तो विश्वासार्ह ठरतो.