पुराच्या बोटीत कोणतं पेट्रोल?

वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा एकदम चढल्या की निपाणी-चिकोडी भागातले रस्ते दोन दिवसांत आखडतात. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, भोज-कारदगा, कल्लोळ-यडूर हे बंधारे एकामागोमाग पाण्याखाली जातात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत तर यमगर्णीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला. मग मळ्यात अडकलेल्यांची सगळी भिस्त रबरी बोटीवर आणि तिच्या मागच्या फळीला अडकवलेल्या आउटबोर्ड इंजिनवर. बचाव पथकं त्याला 'ओबीएम' म्हणतात.

मालवण-कारवारकडचं इंजिन हंगामभर रोज चालतं. गावात ठेवलेलं पुराचं इंजिन मात्र बहुतेक वर्ष गोदामात पडून असतं आणि ऐन वेळी पहिल्या-दुसऱ्या ओढीला सुरू व्हायला हवं असतं. इंधनाचा इथला सगळा प्रश्न या बसून राहण्यातून उभा राहतो.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरमधूनच सुरू झालं. २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचलं. इथेनॉल आपल्याही उसाचं, तेव्हा या भागात त्याला नावं ठेवणं जरा अवघडच. मोटारसायकलची टाकी आठवड्यात रिकामी होते, तिथं फारसं बिघडत नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि बोटीच्या इंजिनांच्या कंपन्या, यामाहा असो की मर्क्युरी, साधारण दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगत आल्या आहेत. म्हणून पंपावर जाण्याआधी इंजिनाचं पुस्तक उघडावं. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं तर बदललेलीच बरी.

ओल प्रमाणाबाहेर गेली की इथेनॉल पाण्याशी हातमिळवणी करून पेट्रोलपासून फुटतं आणि टाकीच्या तळाशी जातं. इंधन ओढणारी नळीही तळालाच असते. टू-स्ट्रोक इंजिनात याचा फटका दुहेरी: वंगणाचं तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, तळाच्या थरात ते जवळजवळ नसतंच. इंजिन सुरू झालंच तर कोरडं फिरून पिस्टन जाम होण्याची भीती. तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. दोन थरांमधली रेघ दिसली की ते पेट्रोल बोटीसाठी बाद.

आता पेट्रोलमध्ये मिसळायच्या रसायनांच्या बाटल्यांकडे. पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर खरंच कामाचं आहे, पण ते ताज्या पेट्रोलमध्येच घालायचं आणि मग इंजिन दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचतं. शिळं पेट्रोल त्यानं ताजं होत नाही, फुटलेलं जुळत नाही. 'पाणी घालवणाऱ्या' कित्येक बाटल्यांत तर अल्कोहोलच असतं. ज्या पेट्रोलमध्ये आधीच वीस टक्के अल्कोहोल आहे, त्यात आणखी चमचाभर कशाला? ऑक्टेन बूस्टरवरचा खर्चही माझ्या मते वायाच. वीस टक्क्यांच्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ आहे. साध्या आउटबोर्डला तेवढं पुरून उरतं. त्या पैशांत पाणी वेगळं करणारा फिल्टर येतो. तो आधी घ्यावा.

तेलाच्या बाबतीत मात्र काटकसर नको. स्कूटरचं टू-टी हवेनं थंड होणाऱ्या तापट इंजिनासाठी असतं; त्यातल्या धातूयुक्त घटकांची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. बोटीचं टू-स्ट्रोक इंजिन नदीच्या पाण्यानं थंड राहतं, त्याला राख न करणारं 'टीसी-डब्ल्यू३' शिक्क्याचं तेल लागतं. रॉकेलचा मोहही टाळावा. किनाऱ्यावरची रॉकेलची इंजिनं मुळात त्यासाठीच बनवलेली असतात, आणि तीही पेट्रोलवर सुरू करून मगच रॉकेलवर नेतात.

राहता राहिला साठ्याचा पेच. पेट्रोल ताजं हवं, पण महामार्ग बंद झाला की टँकर येत नाही. म्हणून नदी बंधाऱ्याला टेकायच्या आत कॅन भरून ठेवावेत: धातूचे, घट्ट झाकणाचे, वर फुगायला थोडीच जागा सोडलेले, खडूनं तारीख घातलेले. टू-स्ट्रोकचं तेल त्यात आधी मिसळू नये. बोट काढताना इंजिनाच्या पुस्तकातल्या प्रमाणात मिसळावं. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली, तेही मापानं. पूर ओसरल्यावर इंधनाची नळी काढून, स्वच्छ पाण्यावर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं: पाण्याच्या पंपात अडकलेला गाळ धुतला जातो आणि कार्बोरेटरही कोरडा होतो. उरलेलं पेट्रोल बिनतेलाचं असल्यानं महिन्याभरात एखाद्या मोटारसायकलच्या टाकीत ओतून संपवता येतं.